अमेरिकन मोटारगाडीचे 'मूळ रूप' : वऱ्हाडच्या हमरस्त्यावरून एक ऐतिहासिक विचार

१

मध्य रेल्वेच्या भुसावळ–बडनेरा मार्गावर मलकापूर आणि जलंब या स्थानकांच्या दरम्यान नांदुरा हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराशी जोडला गेला, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. त्याच दिशेने जाणारा दुसरा मार्ग म्हणजे धुळे, जळगाव, भुसावळ, मलकापूर, नांदुरा, खामगाव, अकोला असा जाणारा हमरस्ता. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ या नावाने ओळखला जाई. नव्या क्रमवारीत त्याला ५३ हा क्रमांक मिळाला. लोहमार्गाच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. हमरस्त्याच्या, आणि त्याहूनही त्यावरून धावलेल्या वाहनांच्या इतिहासाकडे मात्र आपल्या विद्यापीठांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या वाहनांपैकी एका वर्गापुरता मर्यादित आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत आपल्या देशात ज्या अमेरिकन बनावटीच्या मोटारी आल्या, त्यांपैकी ज्या शिल्लक आहेत त्यांना पुन्हा चालत्या करण्याचा छंद मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत रुजला आहे. अमेरिका, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया या देशांत तर त्याला मोठे संघटित रूप आले आहे. हा छंद श्रीमंतांची हौस म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न इतिहासाचा आहे. जुनी गाडी 'मूळ रूपात' आणावयाची असे छंदी मनुष्य म्हणतो, व आता कायदाही तसेच म्हणतो. हे मूळ रूप म्हणजे नेमके कोणते? कारखान्याच्या दारातून ती बाहेर पडली त्या दिवशीचे, की तीस-चाळीस वर्षे चालून ती आपल्या हाती आली त्या दिवशीचे?

येथे तीन शब्दांमधील भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. जतन म्हणजे आहे त्या स्थितीची झीज थांबविणे. जीर्णोद्धार म्हणजे गेलेले रूप परत आणणे. देवालयाच्या बाबतीत हा शब्द आपण वापरतो तेव्हा ते पुन्हा पूजेस योग्य करणे असा त्याचा अर्थ असतो. फेरफार म्हणजे नवी गरज किंवा नवी आवड यांसाठी वस्तूत बदल करणे. मोटारगाडीच्या बाबतीत या तिन्ही क्रिया एकाच मिस्त्रीच्या हातून, एकाच दुकानात, कधी कधी एकाच दिवशी घडलेल्या असतात. त्यामुळे त्यांची सरमिसळ होते, आणि त्या सरमिसळीत इतिहासाचा पुरावा नाहीसा होतो. तो कसा नाहीसा होतो व कसा राखता येईल, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम या गाड्या आपल्याकडे कशा आल्या ते पाहू. कॅनडातील फोर्ड कंपनीला १९०४ मध्ये स्थापनेपासूनच ब्रिटन व आयर्लंड वगळता ब्रिटिश साम्राज्यातील बाजारपेठेचा हक्क मिळालेला होता. या कॅनेडियन कंपनीने १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियात जिलाँग येथे आपली शाखा उघडली आणि लगेच पुढच्या वर्षी, १९२६ मध्ये, हिंदुस्थानात फोर्ड मोटर कंपनी ऑफ इंडिया ही संस्था स्थापिली. जनरल मोटर्सचा क्रमही असाच आहे. तिची ऑस्ट्रेलियन शाखा १९२६ मधील, आणि मुंबईत शिवडी येथील जुळणीचा कारखाना १९२८ मधील. साम्राज्यांतर्गत जकातीची सवलत आणि डाव्या बाजूने वाहने हाकण्याची पद्धत या दोन कारणांमुळे कॅनडातून उजव्या सुकाणूच्या गाड्या साम्राज्यभर जात असत. म्हणजे मुंबईची शेव्हरोले आणि मेलबर्नची शेव्हरोले या एका अर्थी सख्ख्या बहिणी होत. ऑस्ट्रेलियातील छंदाचा दाखला पुढे आपण घेणार आहोत, त्याचे कारण हे नाते होय.

शिवडीस गाडी 'तयार' होत नसे. ती जुळविली जात असे. सुटे भाग पेट्यांतून बंदरात उतरत आणि कारखान्यात त्यांची सांधणी होई. मालमोटारी व प्रवासी मोटारी यांचा पाया, चाके व एंजिन परदेशचे असले तरी त्यांची बॉडी बहुधा येथेच सुतार व लोहार बांधीत. ऑस्ट्रेलियात हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. ॲडलेडच्या होल्डन कंपनीने बांधलेल्या बॉडी अमेरिकन चॅसिसवर बसविल्या जात, आणि १९३१ मध्ये होल्डन व जनरल मोटर्सची तेथील शाखा एकत्र झाल्या. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. वसाहतीत आलेली अमेरिकन मोटार आरंभापासूनच दोन देशांच्या कारागिरीचे मिश्रण होती. तिचे मूळ रूप डेट्रॉइटच्या नमुनापुस्तकात शोधू गेल्यास ते पूर्णपणे सापडणार नाही.

दुसरा टप्पा स्वदेशी उद्योगाचा. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ व डी सोटो या मोटारी आणि फार्गो मालमोटारी बाहेर पडू लागल्या. या नावांची गंमत अशी की परदेशी बाजारासाठी असलेली डॉज किंग्जवे ही बहुतांशी प्लिमथच होती. पुढची जाळी, नावाची पट्टी व किरकोळ सजावट एवढाच भेद. त्याच सुमारास, १९४५ मध्ये, महिंद्र अँड महंमद या नावाने निघालेल्या व १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झालेल्या कंपनीने विलिस जीपची जुळणी मुंबईत हाती घेतली. दुसऱ्या महायुद्धात विलिस व फोर्ड मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनल्या होत्या. युद्ध संपल्यावर लष्कराने विकून टाकलेल्या जीप व मुंबईत जुळविलेल्या जीप अशा दोन्ही वाटांनी हे वाहन ग्रामीण भागात पोहोचले.

तिसरा टप्पा निर्बंधांचा. १९४९ मध्ये पूर्ण बांधणीच्या मोटारींच्या आयातीवर सरकारने बंदी घातली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, देशात क्रमाक्रमाने संपूर्ण उत्पादन करण्याची योजना ज्यांच्याजवळ असेल त्यांनाच येथे राहू द्यावे असे धोरण ठरले. जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी १९५४ पर्यंत येथील काम आटोपते घेतले. प्रीमियरनेही आपला मुख्य भर इटालियन फियाट ११०० वर वळविला. अमेरिकन गाड्या रस्त्यावर होत्या, परंतु त्यांचे माहेर तुटले. येथून पुढचा इतिहास कारखान्याचा नसून मिस्त्रीचा आहे.

३

वऱ्हाडच्या बाबतीत या इतिहासाला आणखी एक गुंतागुंत आहे, ती राज्यकारभाराची. नांदुरा ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे तो स्वातंत्र्यापूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. १९५० मध्ये त्या प्रांताचे मध्यप्रदेश राज्य झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९४५ साली नोंदलेली एखादी मोटार एका जागी उभी राहूनही पंधरा वर्षांत चार राजवटी पाहू शकली. तिच्या नोंदी शोधणाऱ्याने केवळ आजच्या जिल्हा परिवहन कार्यालयात जाऊन भागत नाही. नागपूरच्या जुन्या राजधानीतील दप्तरे व मुंबई राज्याची दप्तरे हीही त्याच्या कक्षेत येतात. १९८९ नंतर नव्या पद्धतीने बुलढाण्याला एमएच-२८ हा संकेत मिळाला. त्यामुळे जुन्या क्रमांकाची पाटी हीच पुष्कळदा गाडीच्या वयाची व प्रांताची पहिली खूण ठरते.

सार्वजनिक वाहतुकीतही अमेरिकन बनावटीची वाहने होती. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एस. टी. धावली. त्या आरंभीच्या काळातील ताफ्यात शेव्हरोले, फार्गो व स्टुडबेकर ही अमेरिकन नावे बेडफर्ड, लेलँड यांसारख्या ब्रिटिश नावांच्या शेजारी आढळतात. एवढ्या निरनिराळ्या बनावटीच्या गाड्या एकाच आगारात सांभाळणे हे काम सोपे नव्हते. आगारातील कामगार, लष्करातून परत आलेले यंत्रज्ञ आणि गावोगावचे लोहार-सुतार यांच्या हातांनी मोटारदुरुस्तीचा एक नवाच धंदा देशात उभा राहिला. हमरस्त्यावरील प्रत्येक गावाच्या तोंडाशी आज दिसणारी गॅरेजे, लेथवाले, पत्राकाम करणारे डेंटर, रेडिएटरवाले, बॅटरीवाले आणि भंगारवाले हे त्याच धंद्याचे वारसदार होत.

४

आता फेरफारांचा विचार करू. या गाड्यांत बदल का झाले, याचे उत्तर पश्चिमेकडील छंदी मनुष्याच्या बाबतीत 'आवड' असे देता येईल. आपल्याकडे ते 'गरज' असेच द्यावे लागते. या गरजेची तीन मुख्य कारणे दिसतात.

पहिले कारण सुट्या भागांचे. १९३७ ते १९५३ या काळातील शेव्हरोलेचे सहा सिलिंडरांचे एंजिन घ्या. त्याच्या बेअरिंगांत ओतीव व्हाइट मेटल असे. ते झिजले की आजच्याप्रमाणे तयार कवच बसविण्याची सोय नव्हती. जुना धातू वितळवून काढावा, नवा ओतावा, आणि मग क्रँकच्या मापास तो घासून आणावा लागे. अमेरिकेत पुढे हे कौशल्य दुर्मिळ झाले, कारण तेथे एंजिनच बदलणे स्वस्त पडू लागले. आपल्याकडे एंजिन मिळतच नसल्याने हे कौशल्य टिकले. तीच गोष्ट बॉडीची. १९३०–४० या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक अमेरिकन बॉडींच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असे. तो कुजल्यावर आपल्या सुताराने सागवानाचा नवा सांगाडा घडविला, तर त्यास दुरुस्ती म्हणावे की फेरफार, हा प्रश्न त्याला पडण्याचे कारणच नव्हते. गाडी पुन्हा रस्त्यावर आली की त्याचे काम झाले.

दुसरे कारण इंधनाचे. अमेरिकन एंजिने स्वस्त पेट्रोलच्या देशासाठी बनविली होती. डॉज-प्लिमथचे सपाट शिराचे सहा सिलिंडरांचे एंजिन सुमारे साडेतीन लिटर क्षमतेचे, तर १९३२ पासूनचे फोर्डचे व्ही-८ एंजिनही त्याच मापाचे. आपल्याकडे पेट्रोल महाग आणि डिझेल त्यामानाने स्वस्त. १९७३ च्या तेलसंकटानंतर तर पेट्रोलवर चालणारी मोठी गाडी बाळगणे मध्यम स्थितीच्या मालकास अशक्यप्राय झाले. त्यावर उपाय म्हणून डिझेल एंजिन बसविण्याची प्रथा वाढली. मद्रासची सिम्पसन कंपनी पर्किन्स डिझेल एंजिने देशातच बनवीत होती. शिवाय निकामी झालेल्या इतर वाहनांची एंजिने भंगारबाजारात मिळत.

हा बदल वाटतो तेवढा सोपा नाही. डिझेल एंजिन अधिक जड असते. म्हणून पुढच्या पाट्यांच्या स्प्रिंगा भक्कम कराव्या लागतात. त्याचे फेरे कमी असतात. म्हणून मागच्या डिफरन्शियलचे दात-प्रमाण न बदलल्यास गाडी वेग घेत नाही. एंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची छिद्रे जुळत नाहीत. म्हणून मध्ये एक जाड पोलादी तबकडी लेथवर कातून बसवावी लागते. सहा व्होल्टची विद्युत्‌योजना डिझेल एंजिन सुरू करण्यास पुरत नाही. म्हणून बारा व्होल्टची बॅटरी, डायनॅमो व तारा येतात. चॅसिसवर नव्या आधारपट्ट्या जोडाव्या लागतात. छापील आराखड्यावाचून, मापे डोळ्यांनी व कॅलिपरने घेऊन ही सर्व कामे झालेली आहेत. यांत्रिकी अभियांत्रिकीच्या आपल्या देशातील इतिहासात या कामांना स्थान मिळावयास हवे. ते अद्याप मिळालेले नाही.

तिसरे कारण उपयोगाचे. शहरातील मोठी अमेरिकन मोटार प्रथम साहेबाची, मग टॅक्सीवाल्याची, मग लग्नाच्या वरातीची किंवा चित्रपटाच्या चित्रीकरणाची गाडी झाली. जीप ही तर लष्कराची, मग सरकारी दौऱ्याची, मग शेतकऱ्याची, आणि शेवटी वडाप करणारी ग्रामीण प्रवासी गाडी झाली. प्रत्येक टप्प्यावर बैठका वाढल्या, टप बदलले, मागचा भाग लांबला.

जीपच्या बाबतीत एक उद्बोधक गोष्ट घडली. हा फेरफार केवळ मिस्त्रीने केला नाही, कारखान्यानेही केला. उंच बॉनेटची जीप मूळ पेट्रोल एंजिनासाठी घडलेली. महिंद्र कंपनीने पुढे तीत इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरचे डिझेल एंजिन आणि त्यानंतर फ्रेंच प्यूजो कंपनीच्या परवान्याचे डिझेल एंजिन बसविले. म्हणजे अमेरिकन बॉडी, फ्रेंच घराण्याचे एंजिन आणि मुंबईची बांधणी, असे ते वाहन झाले. विलिस जीपमध्ये गावच्या मिस्त्रीने तेच एंजिन बसविले असता त्यास आपण 'भ्रष्ट' गाडी म्हणतो. कारखान्याने बसविले असता त्यास 'नवे मॉडेल' म्हणतो. हा भेद यंत्राचा नाही. तो अधिकाराचा आहे.

५

छंद म्हणून जुन्या गाड्यांकडे पाहण्याची सुरुवात आपल्याकडे १९६० नंतर ठळकपणे दिसते. १९६४ मध्ये दिल्लीस 'स्टेट्समन' या वृत्तपत्राने जुन्या मोटारींची फेरी भरविली व तो प्रघात पुढे चालू राहिला. मुंबईत अशा गाड्यांच्या मालकांची संघटना उभी राहिली. मुंबईचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांनी जमविलेला संग्रह अहमदाबादजवळ काठवाडा येथे पाहावयास मिळतो. त्यात अमेरिकन गाड्यांचा मोठा भाग आहे. या मंडळींनी भंगारात जाणाऱ्या कितीतरी गाड्या वाचविल्या, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

या छंदाची रीत साधारणतः अशी असते. गाडी हाती आली की प्रथम चॅसिसवरील व एंजिनावरील क्रमांक, कारखान्याची पट्टी व नोंदपुस्तक यांचा मेळ घालावयाचा. मग गाडी पूर्ण सुटी करावयाची, पत्र्यावरचे रंगाचे थर व लांबी खरवडून काढावयाची, गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडावयाचा. डिझेल एंजिन काढून त्याच वर्षाचे मूळ जातीचे एंजिन शोधावयाचे. येथे एक अडचण येते. सुट्या भागांचा मोठा बाजार अमेरिकेत आहे, पण तेथील गाड्यांचे सुकाणू डावीकडे. आपल्या गाडीची सुकाणूपेटी, घड्याळांचा फलक व पायांच्या कळा उजवीकडच्या मांडणीच्या. म्हणून आपला छंदी मनुष्य ऑस्ट्रेलिया किंवा दक्षिण आफ्रिका अशा उजव्या सुकाणूच्या देशांकडे वळतो. शंभर वर्षांपूर्वीच्या साम्राज्यव्यापारानेच ही वाट घालून दिलेली आहे.

ऑस्ट्रेलियातील छंद मात्र आपल्याहून एका महत्त्वाच्या बाबतीत निराळा आहे. तेथे जीर्णोद्धार करणारे आहेत, तसेच उघडपणे फेरफार करणारेही आहेत, आणि दोघांनाही प्रतिष्ठा आहे. जुन्या बॉडीत नवे व्ही-८ एंजिन, नवे ब्रेक, नवा पुढचा आधार बसवून गाडी नव्या युगात आणणे ही तेथे मान्य कला आहे. शासनानेही ती निषिद्ध मानलेली नाही. तिला नियम लावले. हलक्या वाहनांच्या बांधणी व फेरफारासाठी तेथे राष्ट्रीय संहिता आहे, १९४९ पूर्वीच्या बॉडीच्या फेरफार केलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन आहे, आणि मोठ्या बदलांस मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. डाव्या सुकाणूच्या गाड्या पूर्वी उजवीकडे फिरवून घेणे तेथे भाग असे; आता बहुतेक राज्यांत तीस वर्षांहून जुन्या गाडीस त्यातून सूट मिळते. परिणामी सत्तरीच्या काळात सक्तीने सुकाणू फिरविलेली अमेरिकन गाडी आज तेथील मोटारकायद्याचा चालताबोलता दस्तऐवज झाली आहे.

ऑस्ट्रेलियन पद्धत आपण जशीच्या तशी घ्यावी असे सुचविण्याचा हेतू नाही. तेथील फेरफार हौसेतून होतो. त्यामागे घरचे सुसज्ज गॅरेज, फुरसत व पैसा असतो. आपला फेरफार टंचाईतून झाला. परंतु नेमक्या याच कारणामुळे आपल्या फेरफारात ऐतिहासिक मूल्य अधिक आहे. हौशी मनुष्याने काय बदलले यावरून त्याची अभिरुची कळते. टंचाईत माणसाने काय बदलले यावरून त्या काळाची अर्थव्यवस्था कळते.

६

असे असता कायद्याची भूमिका काय आहे? मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याच्या मूळ विनिर्देशापासून वाहन वेगळे होईल असा फेरफार करता येत नाही, व जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ दृढ केला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक वय झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांस 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, फेरनोंदणीचे पाच हजार, व मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरास नाही. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणावयाची. मुख्य अट अशी की वाहन मूळ रूपात राखलेले असावे. चॅसिस, बॉडी किंवा एंजिन यांत फेरफार झालेला नसावा.

या नियमांनी जुन्या मोटारींस प्रथमच वारसा म्हणून मान्यता दिली, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु त्यांतील अटीचा परिणाम काय होतो ते पाहा. मुंबईच्या बंद गॅरेजमध्ये पन्नास वर्षे झाकून ठेवलेली मोटार मूळ रूपात राहिली. ती वारसा ठरते. हमरस्त्यावर पन्नास वर्षे राबलेली, डिझेल एंजिन बसविलेली जीप मूळ रूपात राहिली नाही. ती वारसा ठरत नाही, व तिला सामान्य वाहनांच्या नोंदणीखालीच, त्यांच्या सर्व तपासण्यांना तोंड देत, राहावे लागते. जी वापरली गेली नाही तिचा इतिहास मान्य, आणि जी वापरली गेली तिचा अमान्य, असा हा न्याय आहे. मालकापुढे मग दोनच वाटा उरतात : एक तर तो डिझेल एंजिन, लेथवर कातलेली तबकडी व सुताराचा सांगाडा फेकून देऊन गाडी 'शुद्ध' करतो, नाहीतर ती भंगारात जाते. दोन्ही वाटांनी मिस्त्रीचे काम नष्ट होते.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की प्रत्येक ओबडधोबड दुरुस्तीस वारसा म्हटले तर वारसा या शब्दास अर्थच उरणार नाही. कोठेतरी मर्यादा घातलीच पाहिजे. आक्षेप योग्य आहे. शिवाय रस्त्यावरील सुरक्षिततेचा प्रश्नही आहेच. दुर्बळ जोडकाम केलेले चॅसिस ऐतिहासिक आहे म्हणून त्यास रस्त्यावर सोडता येणार नाही. परंतु मर्यादा कशी घालावी याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच घरी आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली; ते काम १९१९ मध्ये सुरू झाले व १९६६ मध्ये पुरे झाले. संपादकांनी अनेक हस्तलिखितांची तुलना करून प्राचीनतम पाठ निश्चित केला. परंतु जे श्लोक प्रक्षिप्त ठरले ते त्यांनी जाळून टाकले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत, कोणत्या परंपरेतील पोथीत आढळतात या नोंदीसह, जपले. त्यामुळे ज्याला मूळ पाठ हवा त्याला तो मिळतो, आणि ज्याला एखाद्या प्रांताने महाभारत कसे वाचले हे पाहावयाचे आहे त्यालाही साधन मिळते.

मोटारगाडीच्या जीर्णोद्धारास हीच शिस्त लावता येईल. आज आपण प्रक्षेप काढतो, पण परिशिष्ट लिहीत नाही. आंतरराष्ट्रीय क्षेत्रात या दिशेने विचार झालेला आहे. जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ १९६६ मध्ये स्थापन झाला. त्याने २०१२-१३ मध्ये ट्यूरिन येथील सनदेने, वास्तूंसाठी असलेल्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर, वाहनांच्या जतनाची तत्त्वे मांडली. वाहनाच्या वापराच्या काळात झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचे अंग होय, हा विचार तीत आहे. आपले नियम मात्र अद्याप कारखान्याच्या दारापाशीच थांबलेले आहेत.

७

तेव्हा प्रत्यक्षात काय करता येईल? तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट नोंदीची. गाडी सुटी करण्यापूर्वी तिची संपूर्ण तपासणी लिहून ठेवावी : चॅसिस व एंजिन यांचे क्रमांक, रंगाचे थर व त्यांचा क्रम, जोडकामाच्या जागा, बसविलेल्या भागांचे मूळ, वायरिंगचे रंग. छायाचित्रे घ्यावीत. रंगाचा तळचा थर कारखान्याचा असेल, मधला टॅक्सीचा, वरचा वरातीचा. एका चौरस इंचाच्या खरवडीत तीन पिढ्यांचा इतिहास असू शकतो. काढलेला महत्त्वाचा भाग, विशेषतः हाताने घडविलेला, टाकून न देता गाडीसोबत ठेवावा.

दुसरी गोष्ट कागदाची. गाडीचे नोंदपुस्तक हे इतिहासाचे अस्सल साधन आहे. त्यात मालकांची परंपरा, त्यांची गावे, कर्जाच्या नोंदी, इंधनातील व एंजिनातील अधिकृत बदल व त्यांच्या तारखा असतात. एखाद्या घराण्याच्या कैफियतीइतकीच माहिती या लहानशा पुस्तिकेतून मिळू शकते. गाडी भंगारात गेली की हे पुस्तकही रद्दीत जाते. परिवहन कार्यालयांतील जुनी नोंदवहीही संगणकीकरणानंतर अडगळ समजली जाण्याचा धोका आहे. जिल्हावार तिची पाहणी होणे अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट माणसांची. ज्यांनी व्हाइट मेटल ओतले, ज्यांनी डिझेल एंजिनाची तबकडी कातली, त्यांची पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. ते हातात आहे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, अकोला अशा हमरस्त्यावरील गावांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पद्धतशीर मुलाखती घेतल्या, दुकानांतील जुनी हत्यारे, बिलबुके व घडविलेले भाग यांची सूची केली, तर एका प्रबंधास पुरेल एवढे साहित्य सहज जमेल. या कामास मोठा निधी लागत नाही. थोडे यंत्रज्ञान, थोडा धीर आणि मिस्त्रीला गुरू मानण्याची तयारी एवढेच लागते.

नियमांत दुरुस्ती व्हावी की नाही हा शासनाचा प्रश्न आहे. तशी ती व्हावयाची झाल्यास, कागदोपत्री सिद्ध होणाऱ्या व ठराविक वर्षांपूर्वी झालेल्या फेरफारास 'मूळ रूपा'च्या व्याख्येत स्थान देणे, व सुरक्षिततेसाठी अभियंत्याची तपासणी सक्तीची करणे, हा मार्ग सुचविता येईल. परंतु शासनाने व्याख्या बदलण्यापूर्वी अभ्यासकांनी पुरावा गोळा करावयास हवा. पुरावाच उरला नाही तर उद्या व्याख्या कितीही उदार झाली तरी तिच्या कक्षेत आणावयास काही शिल्लक राहणार नाही.

अमेरिकेत जन्मलेली, कॅनडामार्गे आलेली, शिवडीस किंवा कुर्ल्यास जुळविलेली आणि वऱ्हाडच्या रस्त्यावर चार राजवटी पाहिलेली गाडी नेमक्या कोणत्या देशाची, असा प्रश्न कोणी केल्यास त्याचे उत्तर तिच्या नावाच्या पट्टीवर मिळत नाही. ते बॉनेट उघडल्यावर मिळते. मात्र ते उघडण्यापूर्वी कोणी आतले सर्व 'शुद्ध' करून ठेवलेले नसावे.